एकशे शहाऐंशी डब्या आणि एक उघडे दार

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, प्लॅस्टिकच्या कारखान्यातून निवृत्त झालेली तपासणीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मागे उभे राहून कोणी सांगत नाही. डोके ठिकाणावर आहे, कान अजून तिखट आहेत. गुडघ्यांबद्दल न विचारलेले बरे. चार वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करत आहे. का, ते तिसऱ्या कलमात येईल. तोवर मुलीने पाने उलटू नयेत.

कलम एक. आमच्या कारखान्यात पर्समध्ये मावणाऱ्या, झाकणात आरसा असलेल्या पावडरच्या डब्या बनत. प्रत्येक डबी तीनदा उघडून मिटायची आणि 'टक्' असा आवाज नीट येतो का ते ऐकायचे, हे माझे काम. एकतीस वर्षे ऐकले. "तुम्ही काम कमी करता आणि कान जास्त लावता," असे मला चारचौघांत सुनावणाऱ्या सुपरवायझरना मी माफ केले आहे. मात्र माझ्या शोकसभेत त्यांना बोलायला उभे करू नये.

मोल्डिंगच्या मशीनवरचे एक गृहस्थ रोज माझ्या टेबलावर एक तरी न लागणारी डबी पाठवत. ती परत करायला मला उठून त्यांच्यापर्यंत जावे लागे. आठ महिन्यांनी मी विचारले, "साचा बिघडलाय का तुमचा?"

"साचा उत्तम आहे," ते म्हणाले. "तुम्ही इतक्या लांबून चालत येता, तेवढंच बरं वाटतं."

त्या वर्षी आमचे लग्न झाले. त्यांनी पाठवलेली शेवटची डबी, हिरवी, झाकण न लागणारी, माझ्या मुलीला द्यावी. तिने ती दुरुस्त करून घेऊ नये. बँकेतली ठेवही तिचीच.

कलम दोन. जुन्या डब्यांचा माझा संग्रह त्या हिरव्या डबीपासूनच सुरू झाला. त्यातला निम्म्याहून अधिक भंगारवाल्या काकांनी मिळवून दिला. पोत्यात डबी दिसली की ते खालूनच ओरडत, "ताई, आरसा शाबूत आहे!" त्यांचे उपकार फिटण्यासारखे नाहीत; माझा रेडिओ त्यांना द्यावा. चिमटे, भिंग आणि बिजागरीत घालायच्या बारीक पिनांची पेटी कोपऱ्यावरच्या घड्याळजींना. त्यांनी ही हत्यारे मला वापरायला शिकवली आणि एकदाही हसले नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे माझी लाकडी शिडी सहा वर्षे आहे. ती परत आणावी.

कलम तीन. माझा मुलगा जाऊन नऊ वर्षे झाली. तेव्हापासून सून आणि मी दोघीच या घरात राहतो. डब्यांची दोन कपाटे होती. एक माझ्या खोलीत: दाराला रबराची पट्टी, कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. दुसरे हॉलमध्ये, त्याचे दार सून रोज सताड उघडे टाकी.

"सूनबाई, दार!"

"आई, आत कोंदून वास येतो. जरा वारा लागू दे ना."

"वाऱ्याबरोबर धूळ येते."

"धूळ पुसता येते, आई."

आणि ती खरोखर पुसायची, एकेक डबी उचलून. मला तेही खपत नसे. अशाच एका दाराच्या भांडणानंतर, रागाच्या भरात, मी ते जुने मृत्युपत्र केले. घर मुलीच्या नावे. सुनेने 'पुन्हा लग्न करीपर्यंतच' इथे राहावे, केल्यास घर सोडावे. मुलीने तेव्हाच विचारले होते, "आई, एवढं कशाला गं?" मी सही करून मोकळी झाले.

गेल्या वर्षी माझ्या खुब्याचे हाड मोडले. चार महिने मुलीकडे होते, किल्लीसकट. परत येऊन माझे कपाट उघडले तर नाकात आंबट झणका गेला. डब्यांना घाम फुटला होता. आरसे काळे, बिजागऱ्या हिरव्या, कासवाच्या पाठीसारख्या नक्षीची एक डबी तर बोट लावताच चुरली. अडतीस डब्या गेल्या. घड्याळजींनी भिंगातून पाहिले.

"सगळ्यात जुनी डबी आधी कुजली, बाई. तिची वाफ आत कोंडली आणि बाकीच्यांना घेऊन गेली. जुन्या प्लॅस्टिकला वारा लागतो. तुम्ही त्याचं नाक दाबून धरलंत."

"मग हॉलमधल्या?"

"तिथेही तशाच तीन आहेत. पण दार उघडं होतं ना."

हॉलमधल्या एकशे शहाऐंशी डब्या मी त्या दिवशी एकेक करून उघडल्या, मिटल्या. सगळ्या टक् वाजल्या. सून दारात उभी होती. "मी म्हटलं होतं" असे ती म्हणाली असती तर मला सोपे गेले असते. ती म्हणाली, "आई, बसून करा. पाय दुखतील."

म्हणून: हे राहते घर, हॉलमधले कपाट आणि त्यातला सगळा संग्रह मी माझ्या सुनेला देत आहे, कोणतीही अट न घालता. मुलीला मी हे आधी सांगितले. तिला स्वतःचे घर आहे, आणि ती म्हणाली, "उशिरा का होईना, सुचलं." मी ते प्रशस्तिपत्र समजते.

कलम चार. वाचनालयातले एक सभ्य गृहस्थ संध्याकाळी सुनेला पोचवायला येतात आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबतात. मी खिडकीतून दोन वर्षे पाहते आहे. ते कोणाला घाबरून थांबतात, तेही मला ठाऊक आहे. जुन्या मृत्युपत्राची गोष्ट मीच सुनेला ऐकवली होती.

हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू व्हावे. त्यांना वर बोलवावे. चहा मी टाकीन. तिने लग्न केले तरी घर तिचेच. दार कसे ठेवावे हे तिला माझ्याहून चांगले कळते.

सही: तपासणीस (निवृत्त)

साक्षीदार, आम्हां दोघांसमोर सही झाली:
१. घरचे डॉक्टर
२. वरच्या मजल्यावरची शेजारीण (शिडी येताना घेऊन आले आहे.)

दिनांक: ११ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेपाच.
ठिकाण: हॉल, कपाटासमोर. चार कप मांडले आहेत, पाचवा सून आणते आहे.