जबडा छान भरतोय

सोमवार, ४
लागली एकदाची नोकरी! दातांच्या दवाखान्यात मदतनीस, वर माडीवर राहायला खोली. नोंदणीला बसणाऱ्या बाई दिवसभर मास्क लावतात, बोलायचं ते चिठ्ठीवर लिहितात. मी त्यांचं नाव चिठ्ठीबाई ठेवलं. माझी अखंड बडबड ऐकून डॉक्टर हसले आणि खालची किडकी दाढ फुकटात काढून दिली. धाकट्या बहिणीलाही कळवलं, रविवारी ये, तुझीही काढतील.

मंगळवार, ५
दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरलीय. तिच्याखालीच हाड भरतं, म्हणून खळखळून चूळ भरू नका, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं. ऐकेन तर शपथ! गुठळी गेली बेसिनमध्ये, आणि ठणका कानापर्यंत. चूक माझी, तरी राग त्यांचाच येतोय.

बुधवार, ६
उघड्या पडलेल्या हाडावर त्यांनी पांढरी पूड दाबून भरली. कसली, विचारलं तर म्हणाले, हाडाचीच. आता रोज सकाळी माझं तोंड किती उघडतं ते बोटांनी मोजणार. आज तीन बोटं उभी मावली.

गुरुवार, ७
दोन बोटं. खड्डा भरायला महिने लागतात, माझा एका रात्रीत भरला! वर जिभेला हाडाचं एक टोक लागतं, वरच्या दाढेकडे निघालेलं. डॉक्टर म्हणतात, जबडा छान भरतोय. छान काय, डोंबल!
धाकटीला कळवलं, येऊ नकोस. तिचं उत्तर आलं, फुकटचं एकटीनेच घ्यायचं होय गं ताई? म्हणजे ती येणारच. नाहीतर मी आजच धूम ठोकली असती.

शुक्रवार, ८
एक बोट. दवाखाना डोक्यावर घ्यायला गेले, तर शब्द दातांतच अडले. चिठ्ठीबाईंनी मास्क खाली केला. दात नाहीतच. ओठांच्या आत सलग हाड, मध्ये नळीपुरतं भोक. त्यांनी चिठ्ठी सरकवली. मीही फार बोलायचे, एवढंच.

शनिवार, ९
नखही शिरत नाही. त्या मेल्याला शिव्या घालायच्यात — सगळ्या घशात —

रविवार, १०
धाकटी आली. ताई रुसलीय का, विचारते. डॉक्टर म्हणाले, तुमची ताई निवळली. निवळली! — ती खुर्चीत बसली — चिठ्ठीबाईंनी मला नोंदणीच्या काचेमागे धरून ठेवलंय, उजवा हात तेवढा मोकळा — पूड काढली त्याने — वही काचेला लावते — धाकटे, इकडे बघ, वाच — तोंड उघडू न—