सभेची किल्ली

३ जून
उभा राहिला! ऑफिसनं भंगारात काढलेलं मशीन, आमच्या अडगळीच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर — आणि त्यावर आमचा स्वतःचा व्हिडिओ-सभांचा सर्व्हर. कुणाची मेहेरबानी नाही. नवरा डोकावून म्हणाला, आता इस्त्री कुठे करायची? म्हटलं, चुरगळलेले कपडे घाल, पण ताई मुख्याध्यापिका झाली पाहिजे.

ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते, तिथल्या मोठ्या बाई निवृत्त होताहेत. निवड समितीतले लोक वेगवेगळ्या गावांत, म्हणून मुलाखत पडद्यावर. पहिल्या फेरीत काय झालं? ते नेहमीचं सॉफ्टवेअर ज्याचा आवाज येईल त्याला मोठं करतं. हातांनी बोलत होती ताई, आणि पडदाभर कोण? दुभाषी! तो नुसता खोकला तरी तोच. ताई कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढी. नंतर अध्यक्ष म्हणाले, बाईंची छाप पडली नाही. पडेल कशी?

दुसरी फेरी २१ तारखेला, माझ्या सर्व्हरवर. फुकट म्हटल्यावर समितीला लगेच पटलं.

६ जून
आवाजावरून मोठं करायची खोड मोडून काढली. आता ज्याला बोलायचंय त्यानं बटण दाबायचं, त्याची चौकट मोठी. दुसरं म्हणजे, नेट मंदावलं की हे सर्व्हर आधी चित्राला उपाशी ठेवतात आणि आवाज वाचवतात. मी उलटं केलं. आवाज गेला तर गेला, बोटं स्वच्छ दिसली पाहिजेत.

सगळ्या सूचनाही मराठीत घातल्या. 'तुम्हाला या सभेतून बाहेर काढण्यात आले आहे. कृपया गैरसमज नसावा.' किती सभ्य! स्वतःवरच खूश आहे मी.

९ जून
चाचणी. ताई आणि तिच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका. मला वाटलं, पाठ थोपटतील. ताईनं विचारलं, एखादा खाली बघत असेल तर त्याला हाक कशी मारायची? शाळेत आम्ही खोलीतला दिवा दोनदा उघडझाप करतो. इथं दिवा कुठाय?

हे मला सुचायला हवं होतं. लहानपणी एकाच खोलीत वाढलो आम्ही, तो दिवा मीही हजारदा उघडझाप केलाय.

१० जून
दिवा लावला! बटण दाबलं की सगळ्यांचे पडदे दोनदा लख्ख पांढरे. नवरा खुर्चीवरून पडता पडता वाचला.

१४ जून
ताईला सभेची किल्ली हवी आहे. म्हणजे कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं, ते हक्क. म्हटलं, मी असेनच की तिथं, तुला कशाला नसती उठाठेव? तिनं नुसती मान हलवली. तिची ती मान मी ओळखून आहे. दिली किल्ली, शिकवलंही. 'बाहेर काढा' हे बटण तिनं माझ्यावरच करून बघितलं, दोनदा, आणि हसत बसली.

२० जून
दुभाष्याला ताप! उद्या येत नाही म्हणे. ताईला खुणेनं सांगितलं, घाबरू नकोस, मी आहे. आई म्हणायचीच, थोरलीचं तोंड म्हणजे धाकटी. दुकानात, दवाखान्यात, बँकेत — सगळीकडे तिच्या वतीनं मीच बोलत आले. त्या दुभाष्यापेक्षा कितीतरी बरी. उद्या ताईची बाजू अशी मांडते की बघत राहतील! ताईनं नुसतं विचारलं, किल्ली चालू आहे ना?

२१ जून
पेन दोनदा आपटलं. रागानं.

सगळं झकास चाललं होतं. चित्र स्वच्छ, बोट न् बोट दिसत होतं. अध्यक्षांनी मला विचारलं, पालकांचे फोन आले तर त्या काय करणार? मी तोंडभरून उत्तर दिलं. दुसऱ्या एकानं विचारलं, शिस्त जमेल का त्यांना? त्यालाही दिलं. ताईचे हात अजून वर आलेच नव्हते — हे मला आत्ता लिहिताना दिसतंय. तेवढ्यात पडदा लख्ख झाला. दोनदा. सगळ्यांच्या माना वर. ताईची चौकट मोठी झाली, आणि माझ्यासमोर —

'तुम्हाला या सभेतून बाहेर काढण्यात आले आहे. कृपया गैरसमज नसावा.'

माझ्याच सर्व्हरवरून! मला! चिडून आधी सूचनेतलं ते 'कृपया गैरसमज नसावा' खोडून टाकलं.

परत आत शिरणं माझ्या हातात होतं. नाही शिरले. सर्व्हरची मोजमापं उघडून बसले. आवाजाची रेघ जी आडवी पडली ती उठलीच नाही. चित्राची वर, लेखी संदेशांचीही हलत होती. म्हणजे ती हातांनी बोलत होती, लिहीत होती, आणि ते बघत होते. कुणीही बाहेर पडलं नाही. सभा ठरल्यापेक्षा बरीच लांबली. मला फार एकटं वाटलं.

२२ जून
जागा ताईला मिळाली!

तिचा निरोप आला — "दुभाष्याला ताप नव्हता. मीच त्याला येऊ नको म्हटलं. तुला तसं सांगायला हात धजेनात, म्हणून किल्ली मागून घेतली."

'कृपया गैरसमज नसावा' पुन्हा घातलं.