दांडगे आणि किरटे

३ मार्च, रविवार

चिरंजीव तिला घेऊन आले. दातांची डॉक्टर आहे. जेवताना माझ्या तोंडाकडे बघत होती की नव्हती, सांगता येत नाही. मी मात्र दोन तास हसलेच नाही.

माझ्या कादंबरीचे तिन्ही भाग तिनं वाचलेत. खरंच वाचलेत — आडून आडून परीक्षा घेतली मी. मग तीच म्हणाली, "काकू, एक विचारू? तुमच्या त्या सुळेवाल्या दांडग्या राक्षसांचं तोंड मिटतं कसं?"

मला सून हवी आहे. समीक्षक नको!

५ मार्च

प्रकाशकांचा फोन. "बाई, चौथा भाग शेवटचा. राक्षसांचं मूळ आलंच पाहिजे त्यात. कुठून आले, दोन जाती कशा झाल्या."

म्हटलं, पहिल्याच भागात आहे. दांडगे डोंगरातून आले, किरटे चिखलातून.

"ते सेनापती म्हणतो. तो त्यांना मारायला निघालेला माणूस. त्याचं काय ऐकायचं?"

प्रकाशक पुस्तकं वाचत असतील अशी शंका मला आजवर आली नव्हती.

६ मार्च

दिवसभर मूळ शोधलं. सापडलं नाही.

फरक तेवढा पाठ आहे. दांडगे ताडमाड, संथ, सुळेवाले, एकेकटे राहणारे. किरटे कमरेएवढे, झुंडीनं फिरणारे, चोरटे, किंचाळणारे. दोघांचं आपसात हाडवैर.

पुराणातल्यांचं बरं होतं. दितीचे ते दैत्य, दनूचे ते दानव. आई ठाऊक असली की निम्मा प्रश्न सुटतो. पिशाच्चाचं तर त्याहून सोपं — आधी माणूस, मग मेलं. माझे बिचारे एका पानात उगवले. सेनापतीला मारायला कुणीतरी हवं होतं. हेच त्यांचं कुळ आणि हेच गोत्र!

१० मार्च, रविवार

ती प्लास्टरचा जबडा घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर ठेवला. वरणाच्या भांड्याशेजारी.

"सुळे एवढे लांब असले तर तोंड उघडंच राहणार. लाळ गळेल, काकू."

गळू दे की, राक्षस आहे!

"मग तिसऱ्या भागात तो कुजबुजतो कसा?"

चिरंजीव मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "चालू द्या तुमचं."

११ मार्च

सुळे बोटभर आखूड केले. दांडगा एकदम देखणा दिसायला लागला. आता याला मारायचं कसं?

१७ मार्च, रविवार

ती एकटीच आली. "त्याला काम आहे."

मी किरट्यांची चित्रं काढते आहे, मुखपृष्ठासाठी. तिनं कागद खिडकीशी नेला. बराच वेळ बघत राहिली.

"यांच्या दातांत फटी का?"

भेसूर दिसावेत म्हणून.

"आणि दाढा दोन-दोनच?"

जागा पुरली नाही.

"लढाईत दात पडले की थुंकतात आणि हसतात. हो ना?"

हो. पहिल्या भागापासून. वाचकांना तो विनोद फार आवडतो.

मग आवाज खाली आणून — पेशंटला सांगतात तसा — "काकू, दांडग्यांची पोरं कुठल्या भागात आहेत?"

मी आठवून पाहिलं. मग तिन्ही भाग काढून चाळले. एक पोर नाही.

"आता किरट्यांतला एक म्हातारा दाखवा."

तोही नाही. तिला चहा विचारायचा राहून गेला.

"हे दुधाचे दात आहेत, काकू."

१८ मार्च

तीन भाग माझा सेनापती पोरं मारतो आहे.

२० मार्च

न राहवून तिला फोन केला. दवाखान्यातच होती. म्हटलं, एकच जात, मान्य. सुळे येईपर्यंत चिखलात, आले की डोंगरावर. पण मग आईबाप आणि पोरांत हाडवैर कसं?

"काकू, तुमच्या घरात चौदा वर्षांचं कुणी नव्हतंच का कधी?"

होतं. दार आपटायचं. घरोघरी मातीच्या चुली!

"ठेवते हं, पेशंट आ करून बसलेत."

२४ मार्च, रविवार

आठवडाभर झपाटल्यासारखी लिहिते आहे. सेनापती एका किरट्याला धरतो, तलवार उगारतो. तेवढ्यात त्याला हिरडीतून वर येणारं पांढरं टोक दिसतं. तो लढाई सोडून त्या पोराच्या मागोमाग डोंगरावरच्या गुहेकडे चढायला लागतो.

तिनं वाचलं. "टोक इथून नाही येणार, जरा मागून येईल." एवढंच. पण ते पान तिनं पुन्हा वाचलं, ते मी पाहिलं.

म्हटलं, लग्नानंतर दवाखाना बंद कर आणि इथंच ये बसायला. एरवी माझ्या थट्टेला लगेच उत्तर असतं तिचं. आज पेन्सिलीला टोक करत राहिली. टोक होतंच.

२९ मार्च

चिरंजिवांचा फोन. "आई, आमचं नाही जमलं. कुणाचा दोष नाही. आणि तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुला काही ती विशेष आवडली नव्हती."

म्हटलं, "बरं." जेवलास का, तेही विचारलं.

३१ मार्च, रविवार

सेनापती गुहेच्या तोंडाशी उभा आहे. आत दांडगी, त्या पोराची आई. काय बोलेल ती?

फोन हातात घेतला, ठेवला. कोणत्या नात्यानं करायचा?

२ एप्रिल

दवाखान्यात गेले. नाव सांगितलं, रांगेत बसले. माझी पाळी आली. म्हटलं, खालची डावी दाढ ठणकते आहे.

तिनं दिवा ओढला. आरसा आत घातला.

"काकू, ही ठणकणार नाही. ही खोटी आहे."

तोंडात आरसा होता. बरंच झालं.

तिनं तो काढून ट्रेमध्ये ठेवला. बाहेरच्या मदतनीस बाईंना सांगितलं, पुढच्या पेशंटला जरा थांबवा. मग स्टूल जवळ ओढलं.

"शिरला का तो गुहेत?"