वज्रेश्वरीची सायकल

१४ सप्टेंबर, रविवार

मिळाली! भंगारवाल्याकडे, कुठल्याशा विलायती सायकलचा सांगाडा. रंग उडालाय, पण गंज नाही, आणि ब्रेक बसवायच्या खुंट्या शाबूत. याच्यावर बाबांसाठी सायकल बांधायची.

घरी आणला तर बाबा म्हणाले, "हाडांचा सापला कशाला आनलास गो?"

कशाला ते त्यांना चांगलं माहीत आहे. गेल्या वर्षी पुलाच्या उतारावर जुन्या सायकलचे ब्रेक लागले नाहीत, बाबा कंटेनरच्या चाकापाशी पडले. हाडं जुळली, पण माणूस पडवीतून उठेना. दर पौर्णिमेला सायकलवरून वज्रेश्वरीला जाऊन गरम कुंडात पाय सोडून बसणारा माणूस! आता दिवसभर रिमोटशी भांडतो. मला नाही बघवत.

१९ सप्टेंबर

गोडाऊनची ड्युटी सुटल्यावर कशेळीहून थेट सायकलवाल्या चाचांकडे. कॅन्टिलिव्हर ब्रेक बसले! चाकाच्या दोन बाजूंना दोन हात, वरून तार. तार खेचली की दोन्ही रबरं रिमला आवळतात. चाचा म्हणाले, "बस एक बात याद रखना बेटा, रिम पे तेल मत लगने देना. तेल लगा, ब्रेक गया." हो हो म्हटलं. एवढं काय कळत नाही मला!

२३ सप्टेंबर

मडगार्ड घासतंय. काढलं, लावलं, परत काढलं. खर्र खर्र — वैताग नुसता!

पडवीतून आवाज आला, "बारीक वायसर घाल." घातला. खरखर बंद. मी वळून बघितलं तर बाबा टीव्हीकडे तोंड करून बसलेले. टीव्ही बंद होता.

२८ सप्टेंबर, रविवार

दोन्ही कॅरियर लागले. मागे मोठा, पुढे छोटा, टॉवेलच्या पिशवीपुरता. बाबा आपणहून जवळ आले. हँडल धरलं, सीटवर काही बसले नाहीत.

"बरी हाय." मग हळूच — "थांबंल ना पन?"

थांबेल म्हटलं. माझा बाप घाबरतो.

२ ऑक्टोबर, दसरा

बाबांची सगळी हयात कापडाच्या कारखान्यात लूमला तेल देण्यात गेली. दसऱ्याला कारखान्यात आधी लूमचं तेलपाणी, मग हार. आज मी झेंडू घेऊन आले तर सायकल आरशासारखी चकचकीत! हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. बाबांचे हात कोपरापर्यंत काळे आणि चेहरा — काय सांगू! "लूमसारखी केली बघ! नट म्हनू नको, चेन म्हनू नको. पयली फेरी तू मार."

मारली. गल्लीच्या उतारावर ब्रेक दाबले आणि काहीच नाही! सरळ जाऊन चिंध्यांच्या गाठोड्यावर आदळले. कोपर सोलपटलं. रिमला बोट लावलं तर तेल. चाचांनी बजावलेलं मीच बाबांना सांगितलं नव्हतं. गाढव मी!

बाबा धावत आले. वर्षभरात पहिल्यांदा धावले. "ब्रेक लागलं न्हाय?"

"लागले ओ! कुत्रं आडवं आलं."

त्यांनी चाकाकडे बघितलं. खरं सांगितलं तर ते पुन्हा कशाला हात लावणार नाहीत, या भीतीनं जीभ रेटेना.

३ ऑक्टोबर

त्यांच्यादेखत रिम पुसली की त्यांना कळणारच, आणि ते दिवसरात्र पडवीतून हलत नाहीत. रविवारी तेवढे देवळात भजनाला जातात, तेव्हा पुसते. तोवर कोण चालवतंय?

४ ऑक्टोबर

रविवारीही ड्युटी लावली. दिवाळीचा माल आलाय म्हणे. पुसायचं राहिलं!

६ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी

सायकल नाही. बाबा नाहीत. दोरीवरचा टॉवेल नाही. आज पौर्णिमा!

रिमला तेल तसंच आहे. वाटेत ट्रक, उतार. फोन घेत नाहीत. ड्युटीला कळवलं, येत नाही. शेजारच्या हरेशला बाइक घेऊन पाठवलंय. देवी, खोटं मी बोलले, त्यांना काही करू नको.

६ ऑक्टोबर, दुपारी

फोन आला. मागे कुंडावरचा कलकलाट.

"पाय सोडून बसलोय. झ्याक थांबते सायकल! रिमा मी दसऱ्यालाच पुसल्या, साबनानं, तू झोपल्यावर. आनि कुत्रं कुठलं गो? गल्लीत कुत्रं नव्हतंच." मग म्हणाले, "तू मना खरं सांगायला घाबरत जाऊ नको, बाय."