पायरीवरचं मीठ

मीरा रोड,
२ डिसेंबर

प्रिय समिधा,

फोन असताना आईनं पत्र का लिहावं, असं तुला वाटेल. फोनवर तू मला स्पीकरवर टाकतेस आणि भाजी चिरत बसतेस. मी मुद्द्यावर आले की नेमकी तुझी मीटिंग सुरू होते. कागद कुठे पळून जात नाही. पोस्टातली मुलगी म्हणाली, दहा-बारा दिवसांत पोचेल. म्हणजे संक्रांतीच्या आधी तुझ्या हातात पडेल, आणि ते महत्त्वाचं आहे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू सांगितलंस की यंदा तुमच्या हळदीकुंकवाला मिनल येणार नाही. शिकागोहून मॅडिसन अडीच तासांचं, पण ती म्हणाली, आईला घेऊन त्या पायऱ्या मी पुन्हा चढणार नाही. नीरजला सख्ख्या आईसाठी पायरीवर मूठभर मीठ टाकवलं नाही, म्हणे. नणंद बोलली ते एक वेळ ठीक. तूही नवऱ्याच्या तोंडावर म्हणालीस, "खरंच आहे तिचं, ह्या माणसावर काही सोपवायची सोय नाही." नीरजराव मागे भांडी पुसत होते. ते हसले आणि हळूच फोनमधून दिसेनासे झाले. त्या हसण्यानं मला हे पत्र लिहायला बसवलंय.

इकडे थंडी सुरू झाली, असं सगळे म्हणतात. वॉचमन माकडटोपी घालून बसतो, समोरची गुजराती भाभी "बहोत ठंडी है, मौसी" म्हणत शाल गुंडाळते. उणे पंधरा बघून आलेल्या बाईनं काय बोलायचं? बुधवारी तारोडीहून मासेवाली येते, तिला मी तुमच्या तळ्याची गोष्ट सांगितली. तळं गोठतं, माणसं वर खुर्च्या टाकून बसतात, बर्फाला भोक पाडून गळ सोडतात. ती म्हणाली, "मंग होडी कुठं हाय?" म्हटलं, होडीच नाही. तिनं टोपली डोक्यावर घेतली नि म्हणाली, "मावशी, तू सुरमईचा भाव पाडायला कायपण सांगतेस."

मी बरी आहे. सकाळी ताक, दुपारी वाचनालय. सातवीनंतर शाळा सुटली, पण वाचायचं सुटलं नाही. तुझे बाबा पुडीचा कागद फेकायच्या आधी मला विचारायचे, वाचून झाला का? आता पुडीचे कागद नुसतेच साठतात, विचारणारं कोणी नाही. रडत बसते असं समजू नकोस. त्यांची आठवण आता रोजची झालीय, घरातल्या माणसासारखी.

गेल्या हिवाळ्यात ते जाऊन सात महिने झाले होते, तेव्हा तू मला तिकडे नेलंस. खरं सांगू, तुमचा संसार मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. लग्नात दिसतो तो संसार नसतो. दाराशी बुटांची रांग, ओव्हनमधला दिवा लावून लावलेलं दही, हाताला भेगा पडू नयेत म्हणून सिंकजवळ ठेवलेली व्हॅसलिनची डबी. तू आंघोळीला गेलीस की नीरजराव खाली जाऊन तुझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचे, आधी तुझ्या, मग स्वतःच्या. तुला वाटायचं, काच आपोआप स्वच्छ होते. तू त्यांच्यासाठी चहा स्टीलच्या पेल्यात ओतायचीस आणि वर बशी झाकायचीस, ते त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. तुमचं भांडण फक्त भांड्यांवरून व्हायचं. ते घासलेलं प्रत्येक भांडं उपडं घालायचे. तू म्हणायचीस, अरे, कढई काय, कळशी काय, सगळंच उपडं! मलाही ते खटकायचं. आपल्याकडे पाण्याचं भांडं कोणी उपडं घालत नाही. माझा तांब्या तर मी भरलेलाच ठेवायचे, बाबांच्या हाताला लागायचा तसा.

मग ती हळदीकुंकवाची सकाळ. तू वरती साडी नेसत होतीस. साडेअकराला मिनलची गाडी आली. विहीणबाई आनंदीताई तिळाच्या लाडवांचा डबा छातीशी धरून उतरल्या, दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि घसरून पडल्या. मनगट मोडलं. लाडू बर्फात पांगले, ते कोणी उचललेसुद्धा नाहीत. मिनल ओरडली, "नीरज, मीठ टाकलं नाहीस?" पायऱ्यांवर बर्फ धरू नये म्हणून तुम्ही जाड मीठ टाकता, ते. नीरजरावांनी पायरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "राहिलं माझ्याकडून."

तिथून सगळं सुरू झालं. मिनलनं राखी पोस्टानं पाठवली. दिवाळीला दहा मिनिटांचा फोन. आनंदीताईंचा हात केव्हाच बरा झाला, पण लेकीच्या घरातून लेकाच्या घरी यायला त्या बिचकतात. आणि तुझ्या तोंडात ते वाक्य बसलंय. गॅस राहिला, बिल राहिलं, फोन राहिला, की तू म्हणतेस, मिठासारखं. समिधा, माणसाला रोज थोडं थोडं कमी लेखलं की तो एक दिवस खरंच कमी होतो, निदान त्या घरात तरी. मी हे थांबवू शकत होते आणि अकरा महिने थांबवलं नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. मीठ राहिलं नव्हतं. सातला मी खिडकीत उभी होते. नीरजरावांनी फावड्यानं पायऱ्या मोकळ्या केल्या, मग बादलीतून मीठ पसरलं, एकेक पायरी, कडेपर्यंत. ते पनीर आणायला गेले. पाहुणे यायचे होते, घरात तिळाचा वास होता, आणि बाबा गेल्यावर पहिल्यांदा मला सकाळी काहीतरी करावंसं वाटलं. तीस वर्षं मी इथे चौथ्या मजल्यावरही दारापुढे पाण्याचा सडा शिंपडलाय. बाबा म्हणायचे, दार ओलं दिसलं की घर जागं वाटतं. ते गेले आणि मी ते सोडलं होतं. त्या दिवशी माझा तांब्या घेतला, गरम पाणी भरलं, दार उघडलं. पायऱ्यांवर पांढरे खडे दिसले, ते कशासाठी असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हटलं, पाहुण्यांच्या पायात कचरा नको. तांब्यावर तांबे ओतून सगळं धुऊन काढलं. गरम पाणी आहे, गोठेल कशाला, असं मला वाटलं. हात गारठले म्हणून तांब्या पायरीवरच विसरून आत पळाले. आनंदीताई पडल्या तेव्हा मला काय झालंय ते कळलं, आणि विहिणीसमोर तोंड उघडेना. नंतर गॅरेजमधल्या मिठाच्या पिशवीवरची सगळे शब्द तुझ्या जुन्या डिक्शनरीत शोधून वाचले, जणू त्यात मला सुटका मिळणार होती. पण खरी गोष्ट पुढेच आहे. तुम्ही सगळे हॉस्पिटलात गेलात, मी तांब्या आणायला दार उघडलं, तर पायरीवर तांब्या नव्हता. तो आत ओट्यावर होता, पुसलेला आणि उपडा. तुझ्या घरात भांडी उपडी घालणारा माणूस एकच आहे. त्याला माहीत होतं, समिधा. स्वतःच्या आईला गाडीत बसवायच्या गडबडीत त्यानं माझा तांब्या कोणाला दिसू नये म्हणून उचलला, आणि वर्षभर तुझे टोमणे माझ्यासाठी खाल्ले. पत्र मिळाल्यावर येणाऱ्या रविवारी मी स्वतः आनंदीताईंना फोन करीन, मिनललाही सांगीन. ते काम माझं आहे, तू त्यात पडू नकोस. तुझं काम वेगळं. उद्या सकाळी आंघोळीला जाऊ नकोस, खिडकीत उभी राहा, आणि तुझी काच कोण खरवडतं ते बघ.

तुझीच, तुझ्या पायऱ्या धुणारी,
आई