कोरडा ठोकळा

माय, आज पुन्हा नाल्यावरच्या मोरीवर जाऊन आलो. पोळा झाला की मी दरवर्षी तिकडे एक फेरी मारतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कशासाठी जातो ते मात्र कोणी विचारत नाही. या वर्षी गुडघे ऐकेनात म्हणून नातवाने मोटारसायकलवर नेलं. रस्त्यात मी त्याला ब्रेक नीट आहेत ना म्हणून तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी त्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "आबा, मग तुम्हीच चालवा, मी मागे बसतो." तुला माहीतच आहे, काळजी करणं हा माझा जुना रोग आहे. कडी लावली तरी पुन्हा उठून बघतो. हा रोग कुठून लागला ते फक्त तुला माहीत होतं, आणि तेही पुरतं माहीत नव्हतं. म्हणून लिहायला बसलोय. आपल्या बोलीत लिहायला मला कोणी शिकवलं नाही, तिसरीपर्यंतच्या शाळेत जी मराठी शिकलो तिच्यात लिहितो. तू असतीस तर म्हणाली असतीस, हा कुठला साहेब आला.

मोरी उभी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुझा पहिला प्रश्न तोच असायचा.

ती बांधली तेव्हा तू चाळिशीत होतीस आणि मी बावीस-तेवीस वर्षांचा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. बाबा जाऊन बराच काळ लोटला होता. कोरीट गावात आपलं असं थोडंच होतं, म्हणून तापी ओलांडून आपण दोघं डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याच्या कामावर राहायला गेलो. तिथल्या नाल्यावरची दगडी मोरी दर पावसाळ्यात खचायची. मोरीच्या दोन्ही तोंडांशी रस्त्याची माती धरून ठेवायला पंखांसारख्या पसरलेल्या भिंती असतात. मागची माती पाणी पिऊन फुगली की त्या भिंती पुढे ढकलल्या जायच्या आणि रस्ता नाल्यात उतरायचा. मग डोंगरातल्या माणसांची वाट दोन-दोन महिने बंद. आजारी माणूस झोळीत घालून आणलं तरी पलीकडच्या काठावर थांबायचं. तू आल्या आल्या ते पाहिलं होतंस. एक बाई पोटुशी, अलीकडे सुईण, मध्ये पाणी. पुढे काय झालं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, पण त्या दिवशी तू भाकरी थापली नाहीस.

रस्त्याच्या कामावरच्या साहेबाने ठरवलं की या वेळी दगड घडवायचे नाहीत, सिमेंटचे ठोकळे आधी साच्यात पाडायचे, पाणी मारून पिकवायचे आणि मग रचायचे. तेव्हा ते नवीनच होतं. गावातली माणसं बघायला यायची आणि हसायची. तूही पहिल्या दिवशी पदर तोंडाला लावून म्हणालीस, "दगडन्या वड्या पाडी ऱ्हायनात हाई लोके." मिस्तरी सुरतेकडचा होता, म्हातारा, पांढऱ्या मिशांचा. त्याला ते ऐकू गेलं. तो म्हणाला, "हां बाई, वडीच आहे. पण ही वडी वाळवायची नाही, भिजवायची. वाळली की मेली." आणि ते काम त्याने तुला दिलं. चौदा दिवस गोणपाटाखाली ठोकळे ओले ठेवायचे. तू ते असं केलंस की जणू घरात बाळंतीण आहे. दुपारी सगळे झाडाखाली आडवे व्हायचे आणि तू हंडा घेऊन नाल्याकडे चाललेली असायचीस. मला अक्षर येत होतं म्हणून प्रत्येक ठोकळ्यावर गेरूने तारीख घालायचं काम माझं. त्यावरून मिस्तरी मला मास्तर म्हणायचा. "ए मास्तर, तिसरी यत्तावाले, आजची तारीख काय?" सगळे हसायचे. मलाही ते आवडायचं.

दुसरं काम भोकांचं. खालच्या ओळींतल्या काही ठोकळ्यांना आरपार भोक ठेवायचं, म्हणजे मागच्या मातीतलं पाणी तिथून झिरपून निघून जातं आणि भिंतीवर रेटा येत नाही. मिस्तरी म्हणायचा, "पाणीला दार दे, नाहीतर ते भिंत उचलून दार करेल." साचा भरताना त्यात तेल लावलेला बांबूचा दांडा उभा करायचा. काँक्रीट आवळायला लागलं की तो थोड्या थोड्या वेळाने हाताने फिरवत राहायचा आणि दुपार कलायच्या आत उपसून घ्यायचा. उशीर झाला तर बांबू पाणी पिऊन फुगतो आणि आतच अडकतो. फिरवण्याचं आणि उपसण्याचं काम माझं होतं. आणि तुझी एक सवय होती. ठोकळ्यांना पाणी मारून झालं की तू पितळी लोट्याने एकेका भोकात धार सोडायचीस आणि ती खालून निघताना ऐकत उभी राहायचीस. कोणी सांगितलं नव्हतं. तुला तो आवाज आवडायचा.

होळी आली. आपल्याबरोबर काम करणारी डोंगरातली माणसं काठी गावच्या होळीला निघाली. महिनाभर त्यांच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे टोप, खांद्यावरून आणलेला आभाळाएवढा बांबू, आणि पहाटे पेटणारी होळी. मिस्तरी त्या दिवशी सिमेंटच्या गोण्या आणायला नंदुरबार स्टेशनाला गेला होता. जाताना मला म्हणाला, "दांडे काढून मग जा." सकाळी आम्ही भोकाचे आठ ठोकळे भरले. माणसं जेवणाआधीच निघाली. दुपारपर्यंत थांबलो असतो तर पुढे एकट्याला वाट सापडली नसती. मी दांडे एकदा फिरवले, तुला म्हणालो, "हे उशिरा काढायचे आहेत, आल्यावर काढतो," आणि त्यांच्या मागे पळालो. तू विश्वास ठेवलास. माझ्या कामात तू कधी बोट घालत नव्हतीस.

होळी मी पाहिली. ती कशी होती ते मला आठवत नाही, माय. आठवतं ते एवढंच की नाचणाऱ्यांच्या मध्ये उभा राहून मी हाताची बोटं वळवत होतो, दांडा फिरवतात तशी.

तीन दिवसांनी परतलो. दांडे हलेनात. हातोडा मारला तर एका ठोकळ्याची कोर उडाली. तू नाल्यावर गेली होतीस, मिस्तरी अजून यायचा होता. मी करवत घेतली, दांडे दोन्हीकडून ठोकळ्याच्या अंगाबरोबर कापले आणि वरून सिमेंटचा गोळा लिंपून टाकला. माझ्या हाताला तेवढी सफाई होती. दुसऱ्या दिवशी मिस्तरी परतला, आणि पायाच्या ओळीत भोकाचा एक ठोकळा कमी पडला. मिस्तरी म्हणाला, पिकलेल्यांतला एक आण. मी त्या आठातला कोर उडालेला उचलून दिला, तारीख पुसून. तो तरी नजरेआड होईल, एवढंच डोक्यात होतं. कामाच्या घाईत त्याचं भोक कोणी तपासलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या मागे माती भरून धुमसाने ठोकून झाली.

चौथ्या की पाचव्या दिवशी तू भाकरी थापत होतीस. तीन दगडांची चूल, कळण्याची भाकर, ठेचा. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "त्या ठोकळास्मा पाणी का बरं निंघत नही?" मी म्हणालो, कोणत्या. तू भाकर तव्यावर टाकलीस, पिठाचा हात पुढे केलास आणि अंगठ्याचं नख दाखवलंस. नखात सिमेंट होतं, आणि बांबूचं एक कुसळ. मग मी सगळं सांगितलं. जवळजवळ सगळं. तू म्हणालीस, "किती शेतस?" तू स्वतः मोजून आली होतीस हे मला तुझ्या तोंडावर दिसत होतं. मी म्हणालो, सात. "सातच ना?" सातच. आठवा सांगितला असता तर भिंतीचा पाया उकलावा लागला असता, आणि मग लपवायला काही उरलं नसतं.

तू रागावून बोलली नाहीस. भाकर माझ्या ताटात टाकलीस आणि म्हणालीस, "होळी दखी उना ना तू? आते जलमभर भित दख." आणि थोड्या वेळाने, "सकाय मिस्तरीले सांगी दे."

सकाळी मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तू रोज सकाळी माझ्याकडे बघायचीस आणि हंडा उचलायचीस. ते ठोकळे पिकले, गाडीवर चढवायला माणसं आली, तेव्हा तू पाण्याचा हंडा खाली ठेवलास आणि सरळ मिस्तरीपुढे जाऊन उभी राहिलीस. मला वाटलं, आता माझं नाव घेणार. तू म्हणालीस, "मिस्तरी, त्या सात ठोकळास्ना भोके मी बुजात. माले वाटनं, साप शिरतीन." सगळे थांबले. मिस्तरीने एक ठोकळा फोडायला लावला. आतला बांबू हातात घेऊन त्याने टोकावरून अंगठा फिरवला.

"हा कशाने कापला, बाई?"

"इळाघाई." विळ्याने, असं तू म्हणालीस, अगदी पटकन.

"विळ्याचा काप असा सीधा येतो?"

"मन्हा हात सीधा शे."

कोणीतरी हसलं. मिस्तरी हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो. माझ्या पायाजवळ एक मुंगळा गेरूच्या डबीवर चढत होता, तो मला अजून दिसतो. मिस्तरी तुला म्हणाला, "बाई, सात ठोकळे गेले. पुन्हा पाडायचे, पुन्हा चौदा दिवस, आणि पाऊस वाट बघत नाही. उद्यापासून येऊ नको." तू मान हलवलीस. मला ठेवून घेतलं. पण त्या दिवसापासून त्याने मला मास्तर म्हटलं नाही. दुसऱ्या कशानेही हाक मारली नाही. काम असलं की नुसतं बोट दाखवायचा. मोरी पुरी होईपर्यंत.

सिमेंट उतरवून रिकामी चाललेली बैलगाडी तापीपर्यंत जाणार होती, तिच्यात तू बसलीस. गाठोडं मांडीवर. मी चाकाजवळ उभा होतो. मला वाटलं, काहीतरी बोलावं, तर तूच लोटा पुढे केलास. "हाऊ लोटा ठेव. दर भोकमा पाणी टाकी दखजो." गाडी निघाली तेव्हा तू मागे वळून माझ्याकडे बघितलं नाहीस, ठोकळ्यांकडे बघितलंस. गोणपाट वाळत होते.

पुढे मी मिस्तरी झालो ते तू पाहिलंस. जिल्हाभर मोऱ्या बांधल्या, भिंती घातल्या. प्रत्येक भोकात मी त्या लोट्याने पाणी घालून पाहायचो, आणि माणसं पाठीमागे म्हणायची, मिस्तरी भिंतीला पाणी पाजतोय. लोटा आता चेपला आहे, पण घरात आहे. तू मात्र दुसरी मोरी कधी पाहिली नाहीस. तुझी एकच. पावसाळ्यात मी घरी आलो की भाकरीआधी विचारायचीस, "मन्ही मोरी उभी शे ना?" आणि शेजारणींना सांगायचीस की मोरीचे ठोकळे तू वाढवलेस, पहिल्या वर्षी पूर आला तरी वाट बंद झाली नाही. हे खरं होतं. त्या पावसाळ्यात डोंगरातली एक बाळंतीण अलीकडे आली, आपल्या पायांनी. मी तिथेच होतो. तुला सांगितलं तेव्हा तू लुगड्याने डोळे पुसलेस आणि मला म्हणालीस, बरं झालं ते सात टाकून दिले.

आज मी पुन्हा खाली उतरलो. नातू म्हणत होता, आबा पडाल. भिंतीला शेवाळ आलंय. सगळी भोकं झिरपत होती, एकेकाखाली काळी ओली रेघ. खालच्या ओळीतला, मोरीच्या तोंडापासून तिसरा, कोर उडालेला, तो कोरडा. इतकी वर्षं झाली, मला वाटायचं बांबू कुजेल, कधीतरी वाट मोकळी होईल. नाही झाली. त्याच्याजवळ भिंत बोटभर पुढे आली आहे. मी ओळंबा लावून पाहिला. गेल्या वर्षीइतकीच. दरवर्षी तेवढीच असते आणि दरवर्षी मला वाटतं, या वर्षी वाढली असणार. तू म्हणाली होतीस, जन्मभर भिंत बघ. मी बघतोय.

हे पत्र गुंडाळून तिथेच ठेवावं, असं मनात होतं. तुझ्या हातचं तेवढंच एक उरलंय, दुसरा पत्ता मला माहीत नाही. पण उघड्या भोकात कागद घातला तर पाणी तुंबेल. आणि ज्यात घालायला हवा, त्याला भोकच नाही. म्हणून हे ट्रंकेतच राहणार, लोट्याशेजारी. कुठे जाणार नाही, तर आणखी एक लिहून टाकतो. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हाही विचारलंस, मोरी उभी शे ना, आणि मी आठव्याचं बोललो नाही. मी लोकांना नाही, पण स्वतःला सांगत आलो की जाता जाता तुला दुःख कशाला. तसं नव्हतं, माय. मला भीती वाटली की या वेळी तू माझं नाव सांगशील.