विंचेचं हँडल

दापोडी, गुरुवार, १९ जुलै १९५६

तळहाताला फोड आलाय, लेखणी धरवत नाही. तरी लिहितेच, कारण चीड जात नाही.

दिघीला एका बाईचं बाळंतपण करायला निघाले आणि ओढ्यापाशी गाडी रुतली. गाडीच्या पुढे जाड लोखंडी दांडा आणि हाताने फिरवून दोर गुंडाळणारी छोटी विंच बसवून घेतली ती याचसाठी. उतरले, तारेचा दोर बाभळीला बांधला आणि हँडल फिरवत राहिले. गाडी इंचाइंचाने वर आली. माझ्या दवाखान्याचे कंपाउंडर दत्तोपंत माझी डॉक्टरी बॅग मांडीवर घेऊन आतच बसले होते. धोतराला चिखल लागला असता ना.

बाळंतपण अवघड होतं, पण मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. उशीर का झाला ते मी सांगितलंच होतं. तर बाळंतिणीच्या सासूने दुधाचा पेला आणून दिला कुणाला? दत्तोपंतांना. "दादा, तुमी व्हता म्हनून गाडी निघाली. बाईमान्साला कुटलं जमतंय."

आणि हे गृहस्थ दूध प्यायले. वर मिशी पुसली. माझ्या हाताचा फोड कुणालाच दिसला नाही? बाळ याच हातांतून घेतलं ना त्यांनी?

परतताना त्याच ओढ्यात गाडी पुन्हा रुतली. मी हँडल दत्तोपंतांना दिलं आणि बॅग माझ्या मांडीवर घेतली. धोतर सावरत ते पुढे गेले, हँडल उलटसुलट करून पाहू लागले.

"बाई, हे कोणत्या बाजूला फिरवायचं?"

"मघाशी फिरवलंत त्याच बाजूला," मी म्हटलं.